क्वार्टरच्या मागची बांधी

महाशिवरात्रीच्या उपासाला आणलेल्या रताळ्यांपैकी एक घरंगळून फ्रिजमागे गेलं होतं. पंधरा-वीस दिवसांनी झाडताना ते सापडलं, तेव्हा त्याच्या एका टोकाला जांभळट कोंब डोकावत होता. फुकट काही टाकून देणं माझ्या स्वभावात नाही. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, रताळ्याला मधोमध खराट्याच्या तीन काड्या टोचल्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीवर ते अर्धं पाण्यात, अर्धं बाहेर असं टांगून ठेवलं.

बाबा खुर्चीवरून पाहत होते. म्हणाले, "शकरकंदाले सलाइन लावून राहिली का?"

बाबा तेव्हा जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये चौथा महिना काढत होते. राहत नव्हते, काढतच होते. आई गेल्यापासून ते गावी, दिघोरीला, एकटेच असायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी त्यांना उचलून इकडे आणलं आणि शेत बटईनं, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला देऊन टाकलं. हे सगळं मी ठरवलं होतं. माझ्या घरात बहुतेक गोष्टी मीच ठरवते. नवरा कारखान्याच्या बसनं सकाळी जातो आणि संध्याकाळी येऊन "बरं" म्हणतो. बाबा मात्र "बरं" म्हणणाऱ्यांतले नाहीत. सकाळच्या चहाबरोबर त्यांचं एकच वाक्य असायचं, "मले गावाले जाचं आहे."

मी गुडघा सांगायचे, डॉक्टर सांगायचे, गावातल्या घराची उंच पायरी सांगायचे. ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी चहाबरोबर पुन्हा तेच.

बरणीतल्या रताळ्याला तीन आठवड्यांत कोंबांचा झुपकाच आला. पाणी दोन दिवसांत वास मारायचं. मी विसरायचे, बाबा बदलायचे. मग ते बरणी उन्हाबरोबर या खिडकीतून त्या खिडकीत हलवू लागले. कोंब वीतभर झाले की मी ते रताळ्यापासून हलकेच पिळून तोडायचे, खालची पानं काढून दुसऱ्या भांड्यात पाण्यात ठेवायचे. आठवड्यात पांढरी मुळं सुटायची. जूनपर्यंत घरातले सगळे ग्लास त्या रोपांनी भरले आणि नवऱ्याला पाणी वाटीतून मिळू लागलं.

बाबा त्या रोपांना पऱ्हे म्हणत. आमच्याकडे धानाच्या रोपांना पऱ्हे म्हणतात. सगळा जन्म ज्यांनी धानच लावला, त्यांना दुसरा शब्द कुठून सुचणार? मला गंमत वाटायची.

एक दिवस त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि वेगळंच वाक्य काढलं. "हे पऱ्हे मले दे. तुया मांगच्या आंगणात एक पीक घेऊन दाखोतो, माया हातानं. पिकलं तं मी गावाले जाईन अन् तू अडवाचं नाही. नाही पिकलं तं तू म्हणशीन तसं."

मी लगेच हो म्हटलं. चार महिने तरी ती सकाळची कटकट थांबेल, एवढाच हिशेब होता.

मग जुलैत, सगळीकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असताना, बाबांनीही रोवणा काढला. मागच्या अंगणात फावड्यानं चौकोन आखला, चारही बाजूंनी मातीचा उंच धुरा, म्हणजे बांध, घातला, नळाला पाइप लावून आत पाणी सोडलं आणि काठीचा आधार घेत, बरा असलेला पाय मारून मारून मस्त चिखल केला. दोन खाटा मावतील एवढी धानाची बांधीच, म्हणजे खाचरच, तयार झाली. त्यात बुटक्या लाकडी पिढ्यावर बसून, पिढा सरकवत सरकवत, तीन-तीन पऱ्हे एका जागी खोचत गेले. बोटं अशी चालत होती की मी हातातलं काम सोडून बघत राहिले. उरलेले चार त्यांनी धुऱ्यावर लावले. बांधीचा धुरा आमच्याकडे कोणी मोकळा ठेवत नाही, तिथे तूर लावतात. हाताची सवय, दुसरं काय.

आता खरं सांगायचं तर मला माहीत होतं. व्हिडिओतला माणूस घसा फोडून सांगत होता की रताळ्याला भुसभुशीत, उंच वरंबा लागतो. पाणी साचलं की पानं येतात, रताळी येत नाहीत. मी दारात उभी राहून तो सगळा चिखल पाहिला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पीक बुडालं की बाबा राहतील, हे माझ्या डोक्यात अगदी स्वच्छ होतं. उलट वर म्हटलं, "छान जमलं, बाबा."

वेल असे माजले की येणारी-जाणारी थांबून बघायची. बाबा पाणी राखायचे, तण काढायचे, शेजाऱ्यांना पानांची भाजी द्यायचे. रंग परतला होता त्यांचा. सकाळच्या चहाबरोबर आता वेलांच्या बातम्या असायच्या. त्यांना असं बघून मला आनंद व्हायचा आणि लगेच आपण किती नालायक आहोत असंही वाटायचं. तरी मी गप्पच होते.

दिवाळी झाल्यावर पाणी आटू दिलं आणि एका रविवारी बाबा खुरपं घेऊन पिढ्यावर बसले. पहिला बुडखा उपटला. खाली दोऱ्यासारखी मुळं. दुसरा, तिसरा, तेच. सातवा-आठवा बुडखा होईस्तोवर त्यांचा हात मंदावला. सगळी बांधी झाली आणि एकही रताळं निघालं नाही. बाबांनी खुरपं पुसलं, बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठीक आहे. राहतो मी."

हेच तर मला हवं होतं. पण "राहतो" म्हणताना त्या चार महिन्यांत पहिल्यांदा ते मला म्हातारे दिसले.

धुऱ्यावरचे चार वेल त्यांच्या लक्षातही नव्हते. माझ्या होते. मी खाली बसले आणि हातांनीच धुरा उकरायला लागले. कोरडी, भुसभुशीत माती. पहिल्याच वेलाखाली लालबुंद रताळं हाताला लागलं, माझ्या मनगटाएवढं जाड. मग दुसरं. चार वेलांखाली टोपलं भरलं.

बाबा बघतच राहिले. "धुऱ्यावर कसे आले?"

"त्याले पाणी साचलेलं चालत नाही, बाबा. उंच जागा लागते. मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मंग काहून बोलली नाही?"

"तुमी जाऊ नये म्हणून."

मला वाटलं आता भडकतील. त्यांनी हातातल्या रताळ्याची माती अंगठ्यानं काढली. मग म्हणाले, "तुनं मले गुडघा सांगतला, डॉक्टर सांगतला, पायरी सांगतली. बाबा, तुमी राहा, मले बरं वाटते, असं एकडाव तरी म्हटलं का?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं म्हटलं. एकदाही नाही.

तेव्हा मग म्हटलं. तिथेच मातीत बसून म्हटलं, आणि रताळी उकडेपर्यंत स्वयंपाकघरातून आणखी दोनदा म्हटलं. बाबांनी प्रत्येक वेळी मान हलवली, दोन रताळी सालासकट खाल्ली, "पिकलं नं मंग?" म्हणाले आणि सोमवारी सकाळी दिघोरीकडे जाणाऱ्या लाखांदूरच्या बसमध्ये बसून गावाला गेले.