गौरीच्या मखरातली राणी

आमची सून हेमांगी अलिबागला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि घरी मुंग्या पाळते. होय, मुंग्या! आंब्यावरच्या त्या तांबड्या, कडकडून चावणाऱ्या. लग्नाआधी सांगितलं असतं तर मी विचार केला असता. आता काय, आमच्या चौल गावभर ती मुंग्यांची वहिनी.

या मुंग्या पानं शिवून घरटी करतात. घरटी ढीगभर, पण अंडी घालणारी राणी एकाच घरट्यात. ती नसेल तर बाकीच्या आणून उपयोग शून्य. आमच्या वाडीतले आंबे चढून, हात सुजवून घेऊन, हेमांगीला दुसऱ्या वर्षी ती सापडली. पडवीत टेबलावर, कुंडीतल्या कलमावर तिचं बिऱ्हाड मांडलं. टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. आपण मुंग्या चढू नयेत म्हणून ठेवतो, ही उतरू नयेत म्हणून! हेमांगीची सगळी पीएचडी त्या एका राणीवर.

यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू पडवीतच होतं. हेमांगी परीक्षेच्या कामावर. माझी नणंद, गोदावन्सं, माहेरपणाला आलेल्या. “राणी म्हणजे सवाष्णच की,” म्हणत त्यांनी घरट्यावर हळदकुंकू वाहिलं. अहो, मुंग्या पळाव्यात म्हणून साखरेच्या डब्याभोवती जन्मभर हळदच टाकतात ना या! गौरीच्या मखराची डहाळी कलमाला टेकली होती. तिच्यावरून फौजच निघाली. बायका साड्या झटकत अंगणात, कैरीची डाळ जमिनीवर.

हेमांगी आली तर घरटं रिकामं. आल्या पावली टेबलाखाली शोधू लागली पोर. माझा मुलगा देवव्रत बॅटरी घेऊन शोधत होता, त्याला दिसलं. गौरीच्या पाळण्यावरच्या डहाळीत मुंग्या पानाला पान जोडत होत्या. मधे जाडजूड, हिरवट राणी.

“काढ हळूच,” मी हेमांगीला म्हटलं.

“आत्ता हलवली तर चिरडेल, आई. पण गौरीची पूजा...”

मी पाळण्यातून गौर उचलली आणि देवघरात नेऊन ठेवली.

“अहो वहिनी, अक्षय्य तृतीयेआधी गौर हलवतात का!” गोदावन्सं कडाडल्या.

“वन्सं, गौर माहेरी आलीय. देवव्रतच्या वेळी मी इथेच बाळंत झाले, तेव्हा माहेरी आलेल्या तुम्हीच मला खोली सोडलीत ना?”

गोदावन्सं स्वयंपाकघरात गेल्या, पाण्याच्या चार वाट्या आणल्या आणि मखराच्या टेबलाच्या पायांखाली स्वतः वाकून ठेवल्या.