अकरा बेचाळीसचा फोन

शालिग्राम भंगाळे आमच्या डाळ मिलमध्ये टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागला, तेव्हा मी डिस्पॅचला होतो. आजही तिथेच आहे. हे सांगायला मी योग्य माणूस नाही, पण दुसरं कोणी सांगणार नाही.

तो मूळचा मुक्ताईनगरकडचा. वडील केळीवाले. चौथ्या वर्षी गोवराचं निमित्त झालं आणि दोन्ही डोळे गेले. अंधशाळेत शिकला, ऑपरेटरचा कोर्स केला आणि आईला घेऊन पिंप्राळ्यात दोन खोल्यांत राहायला आला. मिलच्या तिन्ही युनिटांचे सगळे नंबर त्याला तोंडपाठ होते. माणूस नुसता "हॅलो" म्हणाला की हा म्हणायचा, "मगनभाऊ, सर्दी झाली का?"

मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि एक्स्चेंज काढून टाकलं. शालिग्रामला काढता येत नव्हतं, कारण दरवर्षीच्या अहवालात दिव्यांग कर्मचाऱ्यांचा रकाना असतो. त्याला जिन्याखालच्या खोलीत बसवलं. टेबल, खुर्ची, एक बंद फोन. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

वर्षभर तसं बसून झाल्यावर तो प्रेमराजसरांकडे गेला. ते मनुष्यबळ विभागाचे प्रमुख. सोबत त्याने पेनड्राइव्ह नेला होता.

"सर, यात बोलणारं सॉफ्टवेअर आहे. फुकट मिळतं. स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतं. मला एक जुना कॉम्प्युटर द्या. पावत्या, पत्रं, काहीही करतो."

"बाहेरचं सॉफ्टवेअर चालत नाही, शालिग्राम. धोरणात बसत नाही."

ते धोरण सरांच्या मागे भिंतीवर फ्रेम करून लावलेलं होतं. 'समान संधी धोरण', खाली मालकांची सही. शालिग्रामला ते दिसणार नव्हतं. मला दिसत होतं. मी तिथेच सहीसाठी उभा होतो.

त्या हिवाळ्यात परदेशी गिऱ्हाईक पाहणीला येणार होतं, म्हणून दोन दिवसांत गेटपासून ऑफिसपर्यंत पिवळ्या फरशा बसवल्या. आंधळ्या माणसाला पायाने वाट कळावी अशा, उंचवट्यांच्या. मिस्त्रीला कोणी काही सांगितलं नाही. त्याने रेघ सरळ ओढली आणि ती विजेच्या खांबाला जाऊन भिडली. पाहुण्यांसमोर शालिग्रामला त्यावरून चालवायचं ठरलं होतं. तो पहिल्यांदाच मोकळेपणी, भरभर चालला. कपाळाला तीन टाके पडले. फोटो टाके पडण्याआधीचा वापरला. पुढे त्या फरशांवर आमच्या मोटारसायकली लागायला लागल्या, कारण जागा सपाट होती.

हेल्पलाइनची कल्पना किरणची. किरण खरेदी विभागात होता, नकला करण्यात पटाईत. प्रेमराजसरांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की युनिटांतल्या कामगारांच्या तक्रारी आता शालिग्राम घेणार. कागदावर ते खरंच होतं. दोन्ही लांबच्या युनिटांतले भिंतीवरचे फोन त्याच्या टेबलाला जोडले. पण कामगारांना हे कोणी सांगितलंच नाही. फोन करायचा तो किरण, शेजारच्या खोलीतून, चहाच्या वेळी.

"साहेब, गोदामात साप निघाला."

"कोणत्या गोदामात? रंग काय? कोणाला चावला का?"

आम्ही भिंतीला कान लावून हसायचो. मीही.

शालिग्राम प्रत्येक तक्रार ब्रेलच्या पाटीवर टोचणीने टोचून घ्यायचा. बोलणाऱ्या घड्याळाचं बटण दाबून वेळ लिहायचा. संध्याकाळी माझ्याकडे येऊन कागदावर बोटं फिरवत सगळं वाचायचा आणि मी टाइप करायचो. करायचो म्हणजे, तसं त्याला वाटावं म्हणून बोटं हलवायचो.

पाच महिने हे चाललं. एका संध्याकाळी वाचून झाल्यावर तो उठला नाही.

"पंडितभाऊ, किरणला सांगा, नाक दाबलं तरी त्याचा 'र' तोच राहतो."

माझी बोटं थांबली.

"कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"मग फोन कशाला उचलतो?"

"तुम्ही एक दिवस त्या खोलीत बसा. काही न करता. मग विचारा." तो कागद गुंडाळत होता. "आणि तुम्ही नुसती स्पेसबार दाबता. तिचा आवाज वेगळा असतो."

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा मी खरी अक्षरं दाबली आणि शेवटी फाइल सेव्ह न करताच बंद केली.

एप्रिलमध्ये, मंगळवारी, पावणेबाराच्या सुमाराला फोन वाजला. युनिट दोन आमच्यापासून दीड किलोमीटरवर आहे. तिथे कामगारांचे मोबाईल गेटवर जमा करून घेतात. आत भिंतीवर तेवढा एकच फोन. बाईचा आवाज होता.

"भाऊ, झुंबरबाईना हात पट्टामा गया! मशीन बंद व्हत नही!"

ती वच्छलाबाई होती, झुंबरबाईबरोबर चाळणीवर काम करणारी. मशीन बंद करायचं लाल बटण महिनाभर मोडलेलं होतं. मेन स्विचच्या पेटीला कुलूप होतं आणि किल्ली इलेक्ट्रिशियनकडे. तो आमच्या आवारात होता.

शालिग्रामने ऑफिसातला एकूणएक आवाज ऐकलेला होता. हा त्यातला नव्हता. त्याने लगेच इलेक्ट्रिशियनला मोबाईल लावला.

"आज काय, साप का आग?" इलेक्ट्रिशियन हसला आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, तर उचललाच नाही. प्रेमराजसर मीटिंगमध्ये होते, त्यांनी कट केला. शालिग्राम काठी घेऊन बाहेर पळाला. फरशांवरच्या मोटारसायकलींना अडखळून पडला, उठला आणि गेटजवळच्या डिस्पॅचमध्ये माझ्या टेबलाशी आला. तळहात सोललेला होता.

"पंडितभाऊ, उठा. खरं आहे. बाई अडकली आहे."

मी उठायला हवं होतं. मी आधी चहाला आलेल्या किरणकडे पाहिलं.

"तू केलास का?"

"नाही रे," किरण म्हणाला. पण तो हसत म्हणाला आणि सगळे हसले. शालिग्राम टेबलावर मूठ आपटत होता. त्याच्या त्या आपटण्याचं आम्हाला आणखी हसू आलं. मग युनिट दोनचा वॉचमन सायकल मारत, किल्लीसाठी ओरडत गेटमध्ये शिरला.

इलेक्ट्रिशियन तिथे पोहोचला तेव्हा बाराला दोन मिनिटं कमी होती. झुंबरबाईचा उजवा हात कोपराखाली काढावा लागला.

आठवड्याने चौकशी बसली. तीन माणसं, मधे प्रेमराजसर. मोडक्या बटणाचा विषय निघालाच नाही. शालिग्रामने त्याचा कागद पुढे ठेवला.

"अकरा बेचाळीसला फोन आला. त्रेचाळीसला इलेक्ट्रिशियन. चव्वेचाळीसला पुन्हा. पंचेचाळीसला तुम्ही, सर. सेहेचाळीसला मी खोलीतून निघालो. सगळं यात आहे."

एकाने कागद उलटासुलटा करून पाहिला. "यात नुसती भोकं आहेत."

"मी वाचून दाखवतो."

"तू काहीही वाचशील. आम्हाला कसं कळणार?"

मग मला विचारलं, त्याच्या तक्रारींची टाइप केलेली नोंद असते का. शालिग्रामने मान माझ्या बाजूला वळवली.

"माझ्याकडे अशी फाइल नाही," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

अहवालात लिहिलं: 'दृष्टिदोषामुळे ऑपरेटर निरोप वेळेत पोहोचवू शकला नाही. अशा जबाबदारीच्या कामासाठी अशी व्यक्ती सुरक्षित नाही.' राजीनामा स्वखुशीचा म्हणून घेतला. तो सही करायला शिकलेला होता, पट्टी धरून सरळ सही करायचा. पण सरांना दुसऱ्या मीटिंगला जायचं होतं, म्हणून त्याचा अंगठा धरून कागदावर दाबला.

दिव्यांगांच्या रकान्यातला आकडा कमी झाला नाही. झुंबरबाईला जिन्याखालच्या खोलीत बसवलं. तिला बाहेर झाडू मारायचं काम हवं होतं, एका हाताने जमतं म्हणाली. दिलं नाही.

दिवाळीनंतर मी पिंप्राळ्याला गेलो. दार त्याच्या आईने, कुंदाबाईंनी उघडलं.

"आता काय नेवाले आले, बापा?" त्यांनी विचारलं. "माह्या पोराची नोकरी गेली, लोकं त्याच्याच नावानं बोटं मोडतात. त्यानं त्या बाईचा हात घालवला म्हनतात."

शालिग्राम आतून म्हणाला, "आई, पंडितभाऊ आहेत. बसू दे."

मी बसलो. त्याने झुंबरबाईची चौकशी केली. मग म्हणाला की धुळ्याच्या अंधशाळेतले त्याचे मास्तर सगळे कागद साध्या अक्षरांत उतरवून देताहेत, दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करायची आहे. एक साक्षीदार लागतो.

"फक्त एवढंच लिहून द्या, की मी अकरा सत्तेचाळीसला तुमच्या टेबलाशी होतो आणि काय म्हणालो. बाकी तुमच्याबद्दल काही नको."

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. माझा आवाज त्याने नीट ऐकला होता. त्याने आईला चहा टाकायला सांगितला नाही.

या गोष्टीला चार महिने झाले. प्रेमराजसरांनी मला सीनियर केलं. मी पिंप्राळ्याकडे पुन्हा गेलेलो नाही.