फिलूताईंची सिसिलिया

गणपती जाऊन आठवडा झाला असेल. दुपारी मी तांदूळ निवडत होते. आमच्या अंबरनाथच्या चाळीत तेव्हा फोन फक्त कोपऱ्यावरच्या किराणावाल्या साईंकडे. ते गल्ला सोडून स्वतः आले आणि दारातच थांबले. “बहन, वो फिलू मॅडम... अस्पताल से फोन था,” एवढंच म्हणाले. मी बरं म्हटलं. उरलेले तांदूळ निवडले, धुतले, शिजायला लावले. शेजारच्या फिलूताईंच्या खोलीची किल्ली आमच्या खिळ्यावर होती, ती काढून पदराच्या टोकाला बांधली. कशासाठी बांधली, ते सांगता येणार नाही. फिलूताई गेल्या, त्याला आता नऊ-दहा आठवडे झाले. मला रडू आलेलं नाही.

फिलोमिना त्यांचं नाव. मूळच्या वसईच्या, लग्न केलं नाही. एमआयडीसीतल्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला होत्या आणि रविवारी चर्चमध्ये गायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. आमच्या आणि त्यांच्या खोलीमध्ये पत्र्याची भिंत, त्यामुळे शनिवारी त्या सरावाला बसल्या की गाणं आमच्याकडेही यायचं. मी हातातलं काम घेऊन भिंतीपाशी बसायची. आमचं बोलणं फार नसे. मी कुणाशीच फार बोलत नाही. त्या गायच्या, मी ऐकायची, आणि सोमवारी त्या विचारायच्या, “परवा चुकले ना गं दुसऱ्या कडव्यात?” मी मान हलवायची. त्यांना तेवढं पुरे होत असावं.

आमचे हे उल्हासनगरला दुकानांच्या पाट्या रंगवतात. जयंतीच्या मिरवणुकीचे मोठे फोटो, विहारातलं बुद्धाचं चित्र, तेही यांच्याच हातचं. ते बघून फिलूताई एकदा एक जुनं कार्ड घेऊन आल्या. शहाऐंशी-सत्त्याऐंशीचं साल असेल. कार्डावर संत सिसिलिया होत्या, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या संत. नोव्हेंबरात त्यांचा सण असतो. त्या सणाला चर्चमध्ये, गाणारे उभे राहतात त्या बाजूला, मोठं चित्र लावायचं फिलूताईंच्या मनात होतं. फादरांना विचारून झालं होतं, जागाही ठरली होती.

यांनी कार्ड उजेडात धरलं. “ताई, हिला तोंडच नाही की हो!”

“आईनं पुसलं, भाऊ. गायच्या आधी रोज अंगठा लावायची.”

“आणि हे पाइप कसले? बाईला एमआयडीसीत बसवलंय काय?”

फिलूताई इतक्या हसल्या की खोकला आला. मग त्यांनी सांगितलं, ते चर्चमधलं वाजवायचं मोठं वाद्य. तोंड कसं काढायचं, तेही सांगितलं. संत सिसिलियांचं लग्न मनाविरुद्ध लावलं होतं. मांडवात वाजंत्री वाजत होती, आणि त्या आपल्या मनात देवाचं गाणं म्हणत होत्या. “तोंड मिटलेलं पाहिजे भाऊ. काहीतरी ऐकतेय, अशी दिसली पाहिजे.”

महिनाभर चित्र यांच्या दुकानात होतं. सणाच्या चार दिवस आधी घरी आणलं आणि वरचा कपडा काढला. चाळीतल्या बायका जमल्या होत्या. सगळ्यात आधी सासूबाई ओरडल्या, “अगं, ही तर आपली सुमन!”

मीच होते. भिंतीपाशी बसते तशी, मान थोडी कलती. यांनी मला विचारलंसुद्धा नव्हतं. वर म्हणतात कसे, “अख्ख्या अंबरनाथात गप्प बसणारी बाई मला एकच माहीत आहे.” बायका हसायला लागल्या. सासूबाई हसल्या नाहीत. “छप्पन साली तुझ्या सासऱ्यांनी घरातले देव गोणीत भरून नदीत सोडले,” त्या म्हणाल्या. “आता घरातनंच देवी निघाली! उद्या लोक उदबत्त्या लावतील तुला, सुमे.”

मी मोरीत जाऊन बसले. माझ्या तोंडासमोर लोक गुडघे टेकणार, मेणबत्त्या लावणार... मला ते डोळ्यांपुढे आणवेना. सासूबाईंचं म्हणणंही चूक नव्हतं. संध्याकाळी चित्र फिलूताईंकडे पोचल्यावर मी तिकडे गेले आणि म्हटलं, “चर्चमध्ये नका लावू.” हे माझ्या मागोमाग आले होते. म्हणाले, “एका दिवसात तोंड बदलून देतो.”

“तोंडाला हात लावायचा नाही,” फिलूताई म्हणाल्या. “हीच आहे ती.” मग मला म्हणाल्या, “जा तू. भाजी करपेल.”

चर्चमध्ये त्यांनी सांगितलं की चित्र बिघडलं. सण तसाच झाला. चित्र त्यांनी स्वतःच्या खोलीत लावलं आणि शनिवारी त्याच्यासमोर बसून गायला लागल्या. बारा वर्षं मी त्या खोलीत जात-येत होते. चहा प्यायले, भाज्या निवडल्या, त्यांच्या आजारपणात केस विंचरून दिले, पण त्या भिंतीकडे कधी बघितलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. शेवटी हॉस्पिटलात भेटले तेव्हा बोलतील असं वाटलं होतं... त्यांनी फक्त नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारलं.

त्यांचे भाऊ अंतोन खोली रिकामी करायला आले, तेव्हा चित्र सोडून सगळं टेम्पोत चढवलं. “वहिनी, ताईनं बजावून ठेवलंय. तुम्हाला विचारल्याशिवाय याला हात लावायचा नाही. तुम्ही म्हणाल तर चर्चला देतो, नाहीतर वसईला नेतो.” मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेले. त्यांनी ‘पुढच्या रविवारी येतो’ म्हणून सांगितलं. पुढच्या रविवारीही मी चहाच ठेवला. सासूबाई हल्ली खाटेवरच असतात. तिथूनच म्हणाल्या, “सुमे, ती बाई बारा वर्षं तुझ्यासाठी थांबली. आता तू कुणासाठी थांबलीस?”

मी म्हटलं, “चर्चमध्ये लावा.”

सणाच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो. चर्च रिकामं होतं. हे स्टुलावर चढले, अंतोन आणि गाण्याचे मास्तर खालून आधार देत होते. मी मागच्या बाकापाशी उभी होते. “अगं, सरळ आहे का बघ,” हे तिकडूनच म्हणाले.

तेव्हा बघावंच लागलं. तिशीतली एक बाई होती. तिच्या कानात काहीतरी पडत होतं, आणि तिला कुणाची लाज वाटत नव्हती.

“उजवीकडून थोडं वर घ्या,” मी म्हटलं. त्या रिकाम्या जागेत माझा आवाज केवढा तरी मोठा आला. तिघांनीही वळून बघितलं. मी पुन्हा म्हटलं, “अजून थोडं.”