शेजारणीजवळची आई

आईच्या तेराव्याला चुलीवर गव्हाचं पीठ भाजलं जात होतं आणि त्या वासाने मला बहात्तरच्या दुष्काळात मजुरांना मिळणारी भाजक्या पिठाची सुकडी आठवली. आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी पदरात सुकडी बांधून परतायची, ती थेट शेजारच्या मावशींच्या ओट्यावर. मावशी ज्वारी निवडत नुसतं "मंग?" म्हणायच्या आणि आई बोलत राहायची. आत पुस्तक उघडं ठेवून मी जळत बसायचो. एकदा न राहवून विचारलं, "एवढं शिकलोय मी, मग मला का सांगत नाहीस?" आई हसली. "मुकादम वरडला म्हनलं, की तू अर्ज लिहाया बसतो. मला अर्ज न्हाई करायचा लेकरा, नुसतं सांगायचंय." मी चिडून पुन्हा पुस्तकात तोंड घातलं. तेराव्याची माणसं पांगल्यावर थकलेल्या मावशी म्हणाल्या, "खडी फोडताना लई गायची रं तुझी आई, मलाबी म्हनून दाखवायची." आईचं गाणं मी कधी ऐकलंच नव्हतं. पुन्हा तसाच जळलो. मी मावशींजवळ बसलो आणि हळूच म्हणालो, "मंग?"