पोपटाच्या बसमधली एक जागा

त्याला सगळे पोपट म्हणायचे आणि त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. सत्तावीस वर्षं बिनछपराच्या बसच्या वरच्या मजल्यावर माईक धरून शहर दाखवायचं, म्हणजे पोपटपंची आलीच. डावीकडे नटीचा बंगला, उजवीकडे जुगारात बुडालेल्या शेठचं हॉटेल, पुढे श्रीमंतांच्या पांढऱ्या बोटी, आणि जमीन संपते त्या टोकावर नुसता समुद्र. नटीनं त्या बंगल्यात एक रात्रही काढली नव्हती. पण सुट्टीवर आलेल्या माणसाला खरं कुठं ऐकायचं असतं?

तोंडाचा मोठा गोड माणूस. बस सुटायच्या आधी फुटपाथवर असा काही बोलायचा, की रस्ता विचारायला आलेला माणूस तिकीट काढून वर जाऊन बसायचा. रिकामी जागा त्याला बघवतच नसे. ड्रायव्हर म्हणायचा, "हा उद्या भिंतीलाही तिकीट विकेल."

बायकोनं मात्र ही सहल कधी केली नव्हती. घरच्या माणसांना फुकट, पण जागा उरली तरच, असा कंपनीचा नियम. पोपटाच्या बसमध्ये जागा उरायची कशी? तिकीट काढतो म्हटलं तर बाईच अडून बसायची. "नवऱ्याच्या बसला पैसे मोजू? काहीतरीच तुमचं." सहल तिला ऐकूनच पाठ होती. घरी सराव करताना तो चुकला, की भाजी चिरता चिरता ती दुरुस्त करायची.

मग तिची नजर जायला लागली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जे बघायचं ते या महिन्यात बघून घ्या, म्हणाले. घरी येताना ती जिन्यात थांबली.

"मला टोकावरून समुद्र बघायचाय. तुमच्या बसमधून, तुम्ही सांगत असताना."

"रविवारी सकाळच्या फेरीला एक जागा राखतो. फोन केला की ये," तो म्हणाला.

घर थांब्याच्या मागच्याच गल्लीत. रविवारी ती चप्पल घालून फोनपाशी बसून राहिली. बस सुटायला पाच मिनिटं होती, एक जागा उरली होती, फोन पोपटाच्या हातात होता. तेवढ्यात एक पाहुणा नकाशा घेऊन समोर घुटमळला. झालं! जीभ आपोआप सुटली. "या साहेब, शेवटची जागा, तुमच्याच नशिबात होती." पाहुणा अर्धा जिना चढला तेव्हा कुठे याच्या डोक्यात प्रकाश पडला. आणि खाली उतरा म्हणायला तीच जीभ रेटेना.

"अगं, बस भरली आज. पुढच्या रविवारी नक्की."

"बरं," ती म्हणाली.

पुढच्या रविवारपर्यंत उजवा डोळा गेला आणि तो रविवार डॉक्टरांकडेच संपला. आणखी दहा दिवसांत डाव्याला फक्त उजेड आणि अंधार कळायला लागला.

सीझन संपला, बस निम्मी रिकामी धावायला लागली, तेव्हा त्यानं तिला नेलं. पहिल्या रांगेत बसवलं. तो बोलत होता, लोक हसत होते, तीही बरोबर जागा पकडून हसत होती. टोकावर बस थांबली आणि सगळे फोटो काढायला उतरले. तो तिच्या शेजारी बसला. तिनं त्याची बाही धरली.

"आता बसमधलं नको. दिसतंय ते सांगा."

तो अडखळत सांगायला लागला. जवळचं पाणी हिरवट, लांबचं निळं. दोन बोटी आहेत, एकीवर एक बाई टॉवेल वाळत घालतेय.

"त्या रविवारी एक जागा उरली असती तर मीही बघितलं असतं," ती म्हणाली. बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच त्याला सहन होईना. गप्प बसला असता तर कोण सांगणार होतं तिला? पण तो बोलून गेला.

"उरली होती. मीच विकली. सवयीनं."

तिनं बाहीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"अगं, बोल काहीतरी."

लोक परत आले, त्याला माईक घ्यावा लागला. परतीच्या वाटेवर लोक पोट धरून हसले. ती एकदाही हसली नाही.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. वरून उतरायचा जिना अरुंद आणि उभा. ती एकटीच उठली, चाचपडत कठड्यापर्यंत गेली, एक पाय पुढे टाकला आणि मागे घेतला. तो जवळच उभा होता, पण शिवायची हिंमत होत नव्हती.

"हात द्या," त्याच्याकडे तोंड न वळवता ती म्हणाली.