चहाडखोर घड्याळ

कात्रीकाका घड्याळ उजव्या मनगटावर बांधायचे. सलूनच्या खुर्चीत नवीन गिऱ्हाईक बसलं की हमखास विचारायचं, "काका, उलट्या हातात?"

"जुनं जपानी ऑटोमॅटिक आहे," काका कात्री न थांबवता सांगायचे. "सेल नाही, चावी द्यायची सोय नाही. आत अर्धचंद्रासारखं वजन आहे. हात हलला की ते फिरतं, स्प्रिंग आवळतं. माझी कात्री चालते तोवर हे चालतं. मान खाली घ्या."

एक दिवस काका पायरीवरून घसरले, आणि नेमका तोच हात मोडला. प्लास्टर पडताच काकांनी घड्याळ काकूंच्या हातात चढवलं. "बंद पडू देऊ नकोस गं!" काकूंनी गाद्या झटकल्या, जाळी काढली, शेजारणीशी हातवारे करकरून भांडल्यासुद्धा. घड्याळ कसं टुणटुणीत!

प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी मनगटाचे व्यायाम सांगितले, काकूंनी घड्याळ परत त्यांच्या मनगटावर बांधलं. पण काकांनी गुपचूप कात्री धरून पाहिली, तर ती पानासारखी थरथरली. एखाद्याचा कानच गेला तर? त्यांनी हात खिशात घातला तो घातलाच. दुकानाला कुलूप.

"व्यायाम केलात?"

"केला की."

"पूर्ण?"

"अगं, घाम फुटला!"

तिसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ बंद. काकांचं तोंड एवढंसं झालं. काकूंना घेऊन ते तडक सलूनसमोरच्या घड्याळजीकडे गेले. तो जुना दोस्त. त्याने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, बराच वेळ हं-हं केलं.

"बोल ना बाबा, काय झालंय त्याला?"

"त्याला? काही नाही." झाकण लावून त्याने घड्याळ हलवलं. सेकंदकाटा पळायला लागला. "लेका, हे हातात होतं की खुंटीला? दोन दिवस हललेलंच नाही."

काकूंनी सावकाश मान वळवली. "घाम फुटला होता ना?"

"इतकी वर्षं सांभाळलं, आणि हे चहाडी करतं!"

"करू दे. घरात कुणीतरी खरं बोलतंय."

काका हसले नाहीत. खिशातला हात काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. "थरथरतो गं. परत जमलंच नाही तर?"

काकूंनी त्या हातावर आपला हात ठेवला. घड्याळजीने मात्र डोक्यावरची टोपी काढली. आत मोजून चार केस, तेही एकमेकांशी अबोला धरलेले.

"चल, दुकान उघड. माझ्यावर हात साफ कर. बिघडवण्यासारखं आहे काय इथे?"

"कान तेवढे सोडा हं," काकू म्हणाल्या, "त्यांना चष्मा लावायचा असतो."

कुलूप निघालं. काकांनी कात्री आधी हवेत चालवली, मग कानामागे. पहिली कच् अडखळली, दुसरीही. पाचव्या-सहाव्या खेपेला मनगटाला वाट सापडली, आणि आतलं वजन फिरल्याची ओळखीची घरघर हाताला जाणवली.

"किती वाजले रे?" घड्याळजीने विचारलं.

"मान खाली घे," काका म्हणाले.