चूलबंद आवतण

निजामाच्या अख्ख्या मुलखात सरकारी इश्तिहाराला लग्नाचं आवतण समजणारा माणूस एकच झाला, आणि तो आदिलाबादेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आम्ही त्यांना काका म्हणत असू. नवा रस्ता काढायचा, नाली वळवायची, गावाबाहेरच्या जमिनीवर वस्ती बसवायची, की कचेरीच्या भिंतीवर उर्दूत इश्तिहाराचा कागद लागे: ज्या कोणाचा उजर, म्हणजे हरकत, असेल त्याने अमुक दिवशी हजर राहावं. हरकती घरोघरी होत्या, पण कचेरीची पायरी चढण्यापेक्षा लोक नालीतून चालणं पसंत करीत. काका मात्र न चुकता जात. "आम लोकाईले बोलावलं हाय. मी काय खास हाय का? सरकारनं आवतन द्यावं अन् कोनीच जाऊ नाही, बरं दिसते का ते?"

त्या दिवशी पेटीतली कापराच्या वासाची शेरवानी बाहेर निघे, डोक्याला रुमाल बांधला जाई, आणि आवतणाला रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून धोतराच्या फडक्यात पेरू बांधले जात. गावाबाहेर त्यांची चौदा झाडांची बाग होती. काकूंनी विहिरीचं पाणी शेंदून शेंदून जगवलेली. पहिल्यांदा तहसीलदारसाहेबांना ही लाच वाटली आणि त्यांनी गाठोडं मागे ढकललं. काकांना वाटलं, पेरू कच्चे निघाले. दुसऱ्या दिवशी ते पिकलेले घेऊन हजर! एकदा जवळच्या जैनथ गावचा आठवडी बाजार हलवायचा होता, तर कापूस उतरवून परतणाऱ्या रिकाम्या बैलबंडीत बसून हे जैनथला गेले, अर्धा दिवस बसले, आणि नेहमीचं एकच वाक्य बोलून परत आले: "माहा काही उजर नाही." ज्याच्या घरी जायचं त्यालाच नाही कसं म्हणायचं, असा त्यांचा सवाल. कारकून मात्र इमानाने लिहून ठेवी की लोकांना विचारलं, कोणाचाही उजर नाही. म्हणजे इतकी वर्षं आदिलाबादचे 'लोक' ते काय हे एकटेच! आणि आम्ही घरात बसून नालीला शिव्या देत होतो.

मग कापसाच्या नव्या बाजाराला जाणारा रस्ता निघाला. नकाशात दोन रेघा होत्या. एक कुंभारांच्या मडकी भाजायच्या आव्यांवरून जाणारी, दुसरी काकांच्या बागेतून. कचेरीला पहिली पसंत होती. काका नेहमीप्रमाणे शेरवानीला ऊन दाखवत अंगणात उभे असताना एक म्हातारा कुंभार आला आणि हात जोडून म्हणाला, "मालक, तुमी उद्या जासान, उजर नाही म्हनसान. मंग आमी आवे घेऊन कुठी जावं?"

काका ओट्यावर बसले. आपल्या सभ्यपणाने कोणाचं घर उठू शकतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पण सरकारच्या दारात जाऊन 'नाही' म्हणायला जीभही वळेना. तासाभराने उठले, कुंकू आणि तांदूळ घेतले आणि कुंभारवाड्यात दारोदार फिरले. नंतर आमच्या आळीतही. "उद्या दहा वाजता कचेरीत. चूलबंद आवतन हाय!" चूलबंद म्हणजे घरात चूल पेटवायची नाही, झाडून साऱ्यांनी यायचं. असलं आवतण मोडायची कोणाची छाती? आम्हीही गेलो. खोटं कशाला सांगू, जेवणाच्या आशेने गेलो.

कचेरीपुढे न्हाऊनधुऊन आलेली माणसं पंगतीसारखी ओळीने बसली. एका म्हातारीने शिपायाकडे पत्रावळीची चौकशीही केली. साहेब बाहेर आले. "ये क्या है?"

शिपाई म्हणाला, "हुजूर, अवाम आई है." अवाम, म्हणजे लोक.

चारचौघांत बसल्यामुळे असेल, पण एरवी शिपायालाही घाबरणारा तो म्हातारा कुंभार उठला आणि माती कुठून येते, आवा का हलत नाही, सगळं धडाधडा बोलला. साहेबांनी नकाशा उलगडला, दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं आणि काकांना म्हणाले, "रावसाहब, फिर ये तो आपके बाग से जाएगी. आपको उजर?"

काका त्या बोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही, हुजूर."

संध्याकाळी कुंभारणी, सकाळी घरीच राहिलेल्या काकूंच्या पाया पडायला आल्या, तेव्हा काकूंना बाग गेल्याचं कळलं. बायका गेल्यावर भिंतीपलीकडून आवाज आला, चढलेला नव्हे, साधाच: "साऱ्या गावाले इचारलं तुमी. मले इचारलं का?"

झाडं तुटली, रस्ता झाला, कापसाच्या बंड्या जाऊ लागल्या. काकूंनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि तेच काकांना फार लागलं.

पुढे कधीही इश्तिहार लागला की काका तो तोंडपाठ करून येत, हजेरीच्या दिवशी निघण्याआधी चुलीपाशी पाटावर बसत, आणि सगळा मजकूर मराठीत सांगून विचारत, "तुयं काही म्हननं हाय का?" काकू फुंकणीने विस्तव फुंकत राहत. मी भिंतीअलीकडे ऐकत असे. काकू काही बोलेपर्यंत काका पाटावरून उठत नसत. कधीकधी त्यांना कचेरीला फार उशीर होई.